गृहप्रवेशाआधी घरातील हवेची चाचणी

पुण्यातील नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन आणि कपाटे बसवून झाली आहेत, रंगाचा वास आता येत नाही, दसऱ्याला गृहप्रवेश आहे आणि घरात आठ महिन्यांचे बाळ आहे, तर हवेची चाचणी करावी का, असे तुम्ही विचारले आहे. जरूर करावी. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे आतली हवा कोणी तपासली, असे होत नाही.

वास गेला म्हणून निर्धास्त राहू नका. रंगातील सॉल्व्हंट काही आठवड्यांत बरेचसे उडून जातात. पण कपाटांच्या प्लायवूडमध्ये किंवा एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन, म्हणजे बोर्ड चिकटवणारा एक गोंद, असेल, तर उष्णतेने आणि दमटपणाने ते हळूहळू विघटित होते व फॉर्माल्डिहाइड हा अपायकारक वायू महिनोन्महिने, कधी काही वर्षे, बाहेर पडत राहतो. प्रमाण कमी असेल तर अनेकांना त्याचा वासही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ८० पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत ८० भाग), अशी सुचवली. पर्यावरणपूरक इमारतींसाठीच्या लीड (LEED) मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत ती २७ पीपीबी आहे. तान्हे बाळ असलेल्या घरात मी दुसरा आकडा धरीन.

खिडक्या उघड्या ठेवून घेतलेला नमुना निरुपयोगी असतो. दक्षिण कोरियात नव्या मोठ्या गृहसंकुलांत रहिवासी येण्यापूर्वी विकासकाला हवा मोजावी लागते. तिथे आधी अर्धा तास घर हवेशीर करतात, मग किमान पाच तास दारे-खिडक्या बंद ठेवून नमुना घेतात. हीच रीत तुम्ही पाळा, कपाटांची दारे व खण मात्र उघडे ठेवा आणि बाळ झोपणार त्या खोलीत पलंगाच्या उंचीवर नमुना घ्यायला सांगा. ऑक्टोबरच्या उकाड्यात येणारा आकडा डिसेंबरच्या आकड्यापेक्षा जास्त असेल, आणि आपल्याला तोच हवा आहे.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मीटरवर विसंबू नका, कारण त्यांतील बरेच सेन्सर सॅनिटायझरच्या किंवा अत्तराच्या वाफेनेही वर चढतात. प्रयोगशाळा डीएनपीएच कार्ट्रिजमधून (फॉर्माल्डिहाइड पकडून ठेवणारी रसायनाची नळी) पंपाने हवा ओढून पुढे एचपीएलसी या रसायने वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर तपासते का, आणि तिची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता याच चाचणीसाठी आहे का, हे आधी विचारा.

आकडा जास्त आला, तर प्रथम बोर्डाच्या उघड्या कडा शोधा: सिंकखालच्या कपाटात पाइपसाठी कापलेले भोक, बिजागरीची छिद्रे, लॅमिनेट न लावलेली मागची बाजू. या जागा एज बँड, लॅमिनेट किंवा सीलरने बंद करून घ्या, दोन-तीन आठवडे पंखे लावून खिडक्या उघड्या ठेवा आणि त्याच खोलीची, तशाच बंद स्थितीत, पुन्हा चाचणी करा. नुसत्या हेपा फिल्टरच्या एअर प्युरिफायरवर पैसे घालू नका. तो धूळ अडवतो, हा वायू अडवत नाही. तोवर मुहूर्तावर पूजा करून घ्यायला हरकत नाही, बाळाला तिथे झोपवणे मात्र दुसरा अहवाल येईपर्यंत थांबवा.