सुरुवात १९३२ पासून कर

भारतातल्या विमानविद्येचा इतिहास वाचायचा म्हणतोस, तर राइट बंधूंपासून सुरुवात करू नकोस. त्यात अडकलास की वर्षभर तिथेच राहशील. मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली विमान उडवल्याची गोष्टही तूर्त बाजूला ठेव. त्या काळचा भक्कम पुरावा हाती लागत नाही, वाद मात्र भरपूर.

थेट १९३२ चं कराची धर. ८ ऑक्टोबरला भारतीय हवाई दलाची कागदोपत्री स्थापना झाली आणि १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंत त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट. विमान पस मॉथ, एकाच इंजिनाचं. हवाई दलाची पहिली तुकडीही १ एप्रिल १९३३ ला कराचीतच, ड्रिग रोडला उभी राहिली, वापिटी विमानांवर. म्हणून नागरी आणि लष्करी अशा दोन वह्या करू नकोस. एकच ठेव.

कराचीच का, हे आधी समजून घे. लंडनहून इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीचं टपाल १९२९ पासून तिथे येत होतं. तेव्हा धंदा प्रवाशांचा नव्हता, पत्रांचा होता. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला गेलेल्या फ्रेंच वैमानिक आन्री पेके यांच्या विमानातही सुमारे ६,५०० पत्रंच होती! वैमानिकांच्या शौर्यकथा सगळेच वाचतात. तू टपालाचे करार, वेळापत्रकं आणि धावपट्ट्या बघ. जुहूला पावसाळ्यात पाणी भरायचं, मग टाटांचा मुक्काम पुण्याला हलायचा.