करूळ घाटात ईपीसी आणि पी०२९९: टर्बोला लगेच हो म्हणू नकोस

भावा, पोलो जीटी टीएसआय १.२, वैभववाडीकडून करूळ घाट चढताना ३००० आरपीएमच्या पुढं दम जातो, ईपीसीचा (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणात बिघाड दाखवणारा) दिवा लागतो, स्कॅनरवर पी०२९९ कोड येतो, गाडी बंद करून चालू केली की सगळं ठीक, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय टर्बो बदला. माझ्या गाडीचंच दुखणं तू लिहिलंयस.

पी०२९९ चा अर्थ एवढाच, की ईसीयूनं (इंजिनच्या कॉम्प्युटरनं) मागितला तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबून इंजिनात सोडलेल्या हवेचा दाब, मिळाला नाही. का मिळाला नाही, ते कोड सांगत नाही.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका अधिकृत सर्व्हिस सेंटरनं. नाव लिहीत नाही. गाडी आत घेतली की आधी कोड पुसायचे, मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारायची आणि ‘फॉल्ट नाही’ म्हणून परत द्यायची. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. फॉल्ट आला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, तापमान किती, हा सगळा पुरावा संपला. मग पुन्हा कोड आला की थेट टर्बोचं कोटेशन! हे निदान नव्हे. चावी देण्याआधी जॉबकार्डवर लिहून घे: ‘फ्रीझ फ्रेमची प्रिंट दिल्याशिवाय कोड पुसू नये.’ तोंडी सांगितलेलं आतल्या माणसापर्यंत पोचत नाही.

आता तपासणी. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून बूस्ट सेन्सर आणि मॅप (इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबाचा) सेन्सर, दोन्हींचं रीडिंग स्कॅनरवर बघ. कोल्हापूरच्या उंचीवर दोन्ही ९५० मिलीबारच्या आसपास हवेत. दोघांत ३० च्या वर फरक असेल तर आधी सेन्सर आणि वायरिंग.

मग लीक टेस्ट, म्हणजे टर्बोकडून इंजिनाकडं जाणाऱ्या पाइपांतून हवा गळते का ते. एअर फिल्टरनंतरच्या पाइपात बसेल असा ॲल्युमिनियमचा प्लग, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह; कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाला करून देईल. रेग्युलेटर लावून ०.५ बारच हवा दे. जास्त दिलीस तर क्रँककेसची सील जातील. सांध्यांवर साबणाचं पाणी मार, होजच्या खालच्या अंगाला हात फिरव. आयडलला मिटलेली चीर दाबाखालीच उघडते. तेलकट धूळ चिकटलेली जागा दिसली तर तिथं आधी बघ.

लीक नसेल तर वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. इंजिन गार असताना रॉड हातानं हलव. पिनेपाशी खुळखुळत असेल तर फ्लॅप नीट बसत नाही, एक्झॉस्ट तिथूनच निसटतो आणि बूस्ट बनत नाही. हलक्या थ्रॉटलवर पत्रा थरथरल्यासारखा चर्रर्र आवाज येतो तो त्याचाच. डब्ल्यूडी-४० मारून थोडे दिवस बरं वाटेल, पण उष्णतेनं ते जळून जातं. हा रॉड हलवणारा ॲक्च्युएटर इलेक्ट्रिक आहे. तो सुटा मिळतो का विचार, आणि बदलल्यावर स्कॅनरवर ॲडॅप्टेशन (नव्या पार्टची ईसीयूला ओळख) करायलाच लाव. ते राहिलं तर नवा पार्ट बसवूनही कोड परत येतो.

टर्बोच्या शाफ्टला ठळक प्ले (सैलपणा), पाती घासलेली किंवा टर्बोतून तेल जातंय असं दिसलं, तरच टर्बो.

रिमॅपचं (ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याचं) आत्ता डोक्यातही आणू नकोस. लीक असताना टार्गेट गाठायला टर्बो आणखी जोरात फिरतो आणि खरंच मरतो. शिवाय ड्राय क्लचचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतचाच आहे.

मी मेकॅनिक नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक असेल तर स्वतः काही खोलू नकोस. चढावर मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्या गिअरला २००० ते ५००० आरपीएमचा लॉग (स्कॅनरची नोंद) घे. शेजारी दुसरा माणूस बसव, गाडी चालवत लॅपटॉप बघू नकोस. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, दोन्ही रकाने ठेवून इथं टाक.