येरळेला वर्षातले आठ महिने पाणी नसतं, मग तिला नदी का म्हणायचं? ती कुठून कुठे जाते?

म्हणायचं, कारण ती नदीच आहे. कोरडी दिसली म्हणून ओढा ठरत नाही. कृष्णा-कोयना सह्याद्रीच्या माथ्यावरून निघतात. येरळा निघते पूर्वेला, पर्जन्यछायेतल्या महादेव डोंगररांगेत, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याच्या उत्तर भागात. पाऊसच कमी, तर बारमाही वाहणार कशी? पण पाणी होतं. वाळूच्या पोटात होतं.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पश्चिमेला, येरळेकाठी. वैशाखात आज्जी घागर घेऊन पात्रात जायची, मागं मी वाटी घेऊन. हातानं वाळू उकरून कोपरभर खोल झरा करायचा. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं. मग आज्जी म्हणायची, "गप बस, निवळू दे." जरा वेळानं तळाशी वाळूचे कण नाचायला लागायचे. वाटीवाटीनं, फडक्यातून गाळून घागर भरायची. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, झरा आटला नाही, असं ती सांगायची.

मी कॉलेजला असताना थोरल्या चुलत्यांनी आमच्या रानातून वाळूच्या ट्रॅक्टरला वाट दिली. खेपेला पैसे मिळायचे. वडिलांदेखत मी त्यांच्याशी भांडलो. चुलते म्हणाले, "वाळू काय, दर पावसाळ्यात येतीच की." आली नाही. चार-पाच वर्षांत पात्रात खडक उघडा पडला आणि आमचीच काठावरची विहीर माघातच तळाला जायला लागली.

वाळूला हातच लावू नये, असं माझं म्हणणं नाही. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात येरळेतलीच थोडी वाळू विकून बळीराजा धरण बांधलं, पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. चुलत्यांना मी हेच सांगत होतो. "पुढारीपण करू नको," एवढंच उत्तर मिळालं. त्यांच्या नातवंडांनी झरा पाहिलेला नाही. तुमचं रान काठावर असेल तर ट्रॅक्टरला वाट देऊ नका, घरातलं कुणी कितीही रागावलं तरी.

मार्ग असा: नेर तलाव, पुसेगाव, वडूज, येरळवाडी धरण, मग सांगली जिल्ह्यात खानापूर, कडेगाव, तासगाव, पलूस हे तालुके करत ब्रह्मनाळला कृष्णेत.

आठ महिने कोरडी हेही सगळीकडे खरं नाही. हल्ली जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचं पाणी नेर तलावात येतं. आणि ब्रह्मनाळकडं कृष्णा फुगली की येरळेचं पाणी मागं तुंबतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तिथं माणसांचे जीव गेले. त्या गावात जाऊन तिला ओढा म्हणू नका.