बर्फाखालचं गवत आणि आपली हरळी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्वीडन-नॉर्वेकडच्या गोल्फ मैदानांवर कमी पाणी, कमी खत, कमी औषध वापरून गवत कसं राखायचं यावर जे संशोधन चाललंय त्याबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बेळगाव, खानापूर, अथणी, निपाणीकडनं बरीच पत्रं आली. काहींनी कौतुकानं विचारलंय, काहींनी रागानं. रागाचं पत्रसुद्धा घेतलंय खाली, कारण तो राग मला पटतो.

प्रश्न : माझा मुलगा स्वीडनला गोल्फ मैदानावर नोकरीला आहे. व्हिडिओ कॉलवर बघतो तर चार-चार महिने सगळं पांढरं, आणि हा माणूस बर्फ फोडून खालचं गवत हुंगून बघतोय! ताई, बर्फाखाली गवत जगतंय तरी कसं, आणि हुंगायचं काय त्यात? (निवृत्त मास्तर, टिळकवाडी)

मास्तर, मुलगा अगदी बरोबर काम करतोय बघा. नुसता बर्फ पडला, भुसभुशीत, तर गवताला त्याचा त्रास कमीच, उलट बाहेर उणे वीस असताना आत शून्याच्या आसपास राहतं, गवत तगून जातं. खरं संकट म्हणजे मधेच फेब्रुवारीत ऊन पडतं, वरचा बर्फ वितळतो, पाणी खड्ड्यात साठतं आणि रात्रीत परत गोठून त्याची काचेसारखी घट्ट लादी होते. त्या लादीतनं हवा आत-बाहेर होत नाही. गवत झोपलेलं असलं तरी श्वास घेतच असतं, मातीतले जीवजंतूही घेतात, मग आतला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड आणि कुजण्यातनं तयार होणारे विषारी वायू कोंडून बसतात. म्हणून भोक पाडून वास घेतात, घाण वास आला की समजायचं आत गुदमरायला लागलंय, लादी फोडायला पाहिजे.

आता सगळी गवतं सारखी नसतात. तिकडच्या ग्रीनवर, म्हणजे जिथं झेंडा आणि भोक असतं त्या गुळगुळीत तुकड्यावर, पोआ अनुआ नावाचं एक गवत आपोआप घुसतं, लागवड न करता येतं, आणि ते बर्फाच्या लादीखाली सगळ्यात आधी मरतं, साधारण दीड-दोन महिन्यांत. क्रीपिंग बेंटग्रास मात्र तीन महिन्यांच्या वरही टिकू शकतं. मग वसंतात तुमच्या मुलाला दिसतं ते असं, की एकाच ग्रीनवर चट्टे चट्टे मेलेले आणि शेजारी हिरवं, म्हणजे बियाणं कुठलं होतं ते बर्फ गेल्यावर उघडं पडतं.

आणि तयारी सगळी पावसाळा संपल्यावर रब्बीची करतो तशी आधीच करावी लागते. शरदात थंडी हळूहळू वाढत जाते, वाढ थांबते पण ऊन असतं, त्यामुळं गवत साखर साठवून ठेवतं, तीच हिवाळाभराची शिदोरी. त्यावेळी कापणीची उंची जरा वाढवायची म्हणजे पानं जास्त, साखर जास्त, झाडांची सावली पडत असेल तर ती कमी करायची. आणि शरदात उशिरा भरमसाट नायट्रोजन दिला तर गवत कोवळं लुसलुशीत राहतं आणि मग स्नो मोल्ड नावाची बुरशी त्यावर तुटून पडते. मायक्रोडोकियम आणि टायफुला अशा दोन मुख्य जाती, टायफुलाला बर्फाचं पांघरूण लांब दिवस लागतं, मायक्रोडोकियमला बर्फ नसला तरी चालतं, नुसती ओली थंडी पुरे. ह्या सगळ्यावर काम करणारी एक संस्था आहे, स्कॅन्डिनेव्हियन टर्फग्रास अँड एन्व्हायर्नमेंट रिसर्च फाउंडेशन, थोडक्यात स्टर्फ. ती २००६ साली डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांच्या गोल्फ संघटना आणि मैदान राखणाऱ्यांच्या संघटना एकत्र येऊन उभी राहिली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, की खेळणारे आणि गवत राखणारे दोघे मिळून संशोधनाला पैसे घालतात आणि शास्त्रज्ञ त्यांचेच प्रश्न हातात घेतात.

प्रश्न : आमच्याकडं मार्च लागला की टँकरची वाट बघत बसतोय आम्ही, आणि तुम्ही श्रीमंतांच्या खेळाचं गवत कसं वाचवायचं ते छापताय. चार लोकांनी काठीनं चेंडू मारायचा म्हणून पाणी ओतायचं आणि त्यावर वर संशोधन? लाज वाटत नाही का? (एक वाचक, अथणी तालुका)

तुमचा राग खरा आहे, त्यात मी काही सारवासारव करणार नाही. जिथं प्यायला पाणी नाही तिथं लॉनवर पिण्याचं पाणी मारू नये, एवढं माझं मत पक्कं आहे, गोल्फ असो की बंगला असो की मंगल कार्यालय असो.

पण त्यांचं संशोधन मी लिहिलं ते नेमकं ह्याच कारणासाठी. २०१८ च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये विक्रमी उष्णता आणि दुष्काळ पडला, कितीतरी गावांत बागेला नळी लावायला बंदी घातली. स्वीडनमध्ये! जिथं आपल्याला वाटतं पाण्याला तोटाच नाही. तेव्हा ज्या मैदानांनी आधीपासून कमी पाण्याचं गवत, म्हणजे रेड फेस्क्यू, लावलेलं होतं त्यांना निभावणं सोपं. रेड फेस्क्यूला पाणीही कमी लागतं आणि खतही कमी लागतं, रंग मात्र तसा गडद चकचकीत येत नाही. म्हणून त्यांचं म्हणणं असं, की खेळणाऱ्यानं चेंडू कसा पळतो ते बघावं, रंग बघू नये.

दुसरं असं, अठरा होलचं मैदान पन्नास-साठ हेक्टरचं असलं तरी ग्रीन सगळे मिळून एखादं हेक्टरच भरतात. तिकडं बऱ्याच ठिकाणी पाणी फक्त ग्रीनला आणि चेंडू मारायला सुरुवात करतात त्या टी नावाच्या तुकड्यांना देतात, बाकी जमीन पावसावर. उरलेल्या जागेत गवत वाढू देतात, वर्षातनं एकदा-दोनदा कापतात, रानफुलं येतात, मधमाश्या येतात, तळी राखतात त्यात पक्षी आणि बेडूक. आणि ग्रीनलासुद्धा किती पाणी द्यायचं ते दिवसाला बाष्पीभवन किती झालं त्यावर ठरवतात, आणि त्याहून मुद्दाम थोडं कमी देतात. गवत मरत नाही, मुळं खाली जातात.

हे आपल्याला कशाला हवं म्हणाल तर, आपल्याकडं गोल्फ जवळपास नाहीच, पण लॉन कुठं नाही सांगा? लेआउट पडला की लॉन, रिसॉर्ट झालं की लॉन, हायवेवर हॉटेल उघडलं की लॉन, आणि रोज संध्याकाळी माणूस नळी धरून उभा. तो माणूस बाष्पीभवन मोजत नाही, वरची माती वाळलेली दिसली की नळी सोडतो, मग मुळं वरच्या दोन बोटांतच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की पिवळं. तुमच्या गावात असलं कोण करत असेल तर त्याला सांगा की रोज थोडं देण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा खोल दे, आणि विहिरीचं किंवा बोअरचं देण्यापेक्षा सांडपाणी नीट शुद्ध करून दे. ते पण नसेल तर उन्हाळ्यात गवत वाळू दे, हरळी असली तर मरत नाही, पहिल्या वळवाला परत फुटते.

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या ग्राउंडवर मधोमध टक्कल पडलंय, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात लाल धूळ, पोरांचे गुडघे फुटतात. माजी विद्यार्थी पैसे देतो म्हणतायत, नर्सरीतनं कार्पेट लॉन आणून अंथरायचं असं चाललंय. आणू का? (पी. टी. सर, खानापूर तालुका)

सर, नका आणू. निदान ते मऊ बारीक पानाचं कोरियन वगैरे म्हणून विकतात ते तरी नकोच. ते बंगल्याच्या अंगणात शोभतं, वाढ हळू, एकदा पोरांनी खोखो खेळून उखडलं की भरून यायला महिने जातात. तुम्हाला हवी हरळी. हो, तीच, जी उसात आली की शेतकरी डोकं धरून बसतो. जमिनीवरनं धावते, जमिनीखालनं धावते, तुडवली तरी दोन-तीन आठवड्यात परत मिटवते. उष्ण हवामानाचं गवत, ऊन भरपूर लागतं, सावलीत मात्र विरळ होते, म्हणून आंब्याखाली नाही आली तर हट्ट करू नका. आणि नॉर्वेतली ती फेस्क्यू, बेंटग्रास वगैरे आपल्याकडं आणायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तोही सोडा, आपल्या एप्रिल-मे मध्ये आणि पावसाळ्यातल्या उकाड्यात ती टिकणारी नाहीत. त्यांच्याकडनं घ्यायचं ते बियाणं नाही, विचार करायची पद्धत. नॉर्वेच्या दक्षिणेला ग्रिमस्टाडजवळ लँडविक म्हणून संशोधन केंद्र आहे, निबिओ या नॉर्वेच्या संशोधन संस्थेचं, तिथं वर्षानुवर्षं हेच करतात, एकेका जातीचे छोटे छोटे वाफे, खेळाच्या बुटांसारखी झीज मुद्दाम मशीननं करायची, आणि त्या हवेत कोण टिकतंय ते बघायचं. दुकानात छान दिसतंय म्हणून कोण लावत नाही.

आता टक्कल का पडलं ते आधी बघा, कारण गवत कुठलं का असेना, माती सिमेंटसारखी चेपली असेल तर वर काय अंथरलं तरी पैसे पाण्यात. खानापूरकडची लाल जांभी माती पोरांच्या पायांनी आणि रोलरनी दाबून दाबून घट्ट होते, मुळाला हवा मिळत नाही, पाणी मुरत नाही वर चिखल होतो. एक मोठा खिळा घेऊन टोचून बघा, दोन बोटं सुद्धा जात नसेल तर काम तिथनं सुरू. मे मध्ये एखादा वळीव पडून माती जरा नरम झाली की सगळं चार-सहा बोटं खोल उकरून घ्या, कुजलेलं शेणखत आणि जाडी वाळू मिसळा, मधे जरा उंच आणि कडेला उतार ठेवा म्हणजे पाणी थांबणार नाही. मग जूनला पावसाची घडी बसली की हरळीच्या कांड्या आणा, विकत आणायची गरज नाही, बांधावर कुणाच्याही शेतात मिळतील, शेतकरी उलट आभार मानेल. वीतभर अंतरानं लावायच्या, पायानं दाबायच्या. सप्टेंबरपर्यंत मैदान झाकलं जातं, तोवर पोरांना आत सोडू नका, हेच सगळ्यात अवघड आहे मला माहीत आहे, पण अर्धं मैदान यंदा आणि अर्धं पुढच्या वर्षी असं केलं तर खेळ पण चालू राहील.

कापताना एकावेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, आणि गोलपोस्ट दर महिन्याला जरा सरकवा, क्रिकेटची पीच एकाच जागी नको. खत? जून आणि ऑगस्टला थोडं थोडं, वाढ होतेय तेव्हाच. तिकडचं संशोधन सुद्धा हेच सांगतं, एकदम गोण ओतायची नाही, गवत वाढत असेल त्या मापानं थोडं थोडं वरचेवर द्यायचं. माजी विद्यार्थ्यांचे पैसे मातीत आणि एका बऱ्या गवत कापायच्या मशीनमध्ये घाला.

प्रश्न : पाऊस सुरू झाल्यावर आमच्या लॉनवर तांबूस गोल चट्टे पडलेत. दुकानदार म्हणाला बुरशी आहे, दर आठवड्याला औषध मारा. लहान पोरगी त्यावरच खेळते, मारू का नको? (एक आई, निपाणी)

आधी युरिया बंद करा. पावसाळ्यात युरिया मारून गवत गच्च कोवळं झालं, वर पाणी साचतंय, रात्रभर ओलं राहतंय, मग बुरशी येणारच. सकाळी लांब काठी फिरवून दव झटकून टाका, पाणी संध्याकाळी देऊ नका, कुजकं वाळकं गवत दाताळ्यानं ओढून काढा, दोन-तीन आठवडे वाट बघा. युरोपियन युनियनमध्ये २००९ साली कीटकनाशकांबद्दल कायदा झाला आणि २०१४ पासून व्यावसायिकांना हे बंधनकारकच आहे की आधी रोग येऊ नये अशी व्यवस्था, मग नजर ठेवणं, मग औषधाशिवायचे उपाय, आणि औषध एकदम शेवटी. तुमच्या घरच्या लॉनलाही तोच क्रम लावा. पोरगी खेळते तिथं दर आठवड्याला फवारणी अजिबात नको.

प्रश्न : मी अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजला आहे, मला गवतावरच काम करायचंय पण घरचे म्हणतात गवतात काय करियर? पुढं कुठं शिकू? (विद्यार्थी, गोकाक)

घरच्यांना सांग की क्रिकेट, फुटबॉल, शाळा, विमानतळ, धरणाचा बांध, हायवेचा उतार, सगळीकडं गवत लागतं आणि ते जाणणारी माणसं फार कमी आहेत. आधी इथंच पाया पक्का कर, मृदाशास्त्र आणि वनस्पतीरोगशास्त्र नीट कर, ते सोडून गवत कळत नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठात एम. एस्सी.ला मृदाशास्त्र घेता येतं. बाहेर जायचं असेल तर स्वीडिश कृषी विद्यापीठाकडं बघ, आणि निबिओचे टर्फवरचे, म्हणजे मैदानाच्या गवतावरचे, अहवाल बरेचसे इंग्रजीतच आहेत आणि नेटवर मोफत आहेत, ते आत्तापासून वाच. आणि एक काम उद्याच सुरू कर, कॉलेजच्या कोपऱ्यात एक-एक मीटरचे सहा वाफे मागून घे, तीन वेगवेगळ्या गावची हरळी लाव, गोकाकची, जांबोटीकडची, अथणीची, प्रत्येकीचे दोन-दोन वाफे, एकाला पाणी भरपूर दुसऱ्याला अर्धं, आणि वर्षभर दर पंधरा दिवसांनी फोटो आणि उंची लिहून ठेव. वहीतलं ते घेऊन मला लिही, मी नक्की छापेन.