'ॲपथेटिक' म्हणजे शांत नव्हे

संकटातही न डगमगणाऱ्या सहकाऱ्याचं कौतुक करताना त्याला 'ॲपथेटिक' म्हणता येईल का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून म्हणू नका, त्याच्या मनाला लागेल. त्याच्यासाठी 'कंपोज्ड' हा शब्द आहे. शांत माणसाला आतून सगळं वाटत असतं, तो फक्त स्वतःला सावरून धरतो. ॲपथेटिक माणसाला मुळात काही वाटतच नाही. समोर काहीही घडो, तो ढिम्म. त्याला कशाचंच सोयरसुतक नसतं.

तुमचा गोंधळ मात्र अगदीच निराधार नाही, कारण हा शब्द एकेकाळी खरोखर स्तुतीचा होता. मूळ ग्रीक 'अपाथेइया'. त्यातला 'अ' आपल्या 'अभय'मधल्यासारखाच नकाराचा, आणि 'पाथोस' म्हणजे भावना, यातना. इ.स.पू. 300च्या सुमारास अथेन्समध्ये झेनोनं सुरू केलेल्या स्टोइक पंथात अपाथेइया ही मोठी साधना मानली जाई: राग, भय, लोभ यांच्या तावडीतून सुटलेलं मन. इंग्रजीत येऊन रुळता रुळता त्यातली साधना गळाली आणि उरली नुसती अनास्था. आपल्या 'उदासीन'चंही असंच झालं. गीतेच्या बाराव्या अध्यायात 'उदासीनो गतव्यथः' हे भक्ताचं लक्षण आहे, आज 'प्रशासनाची उदासीनता' ही तक्रार असते. म्हणून ॲपथेटिकला मराठीत 'उदासीन' चपखल बसतो. फक्त त्याचा 'उदास' करू नका. उदास माणसाला दुःख होत असतं.

वापरताना पुढे 'अबाउट' किंवा 'टुवर्ड्स' येतं: 'मेनी व्होटर्स आर ॲपथेटिक अबाउट द इलेक्शन'. उच्चारात जोर 'थे'वर.

जवळचे शब्द सांभाळून वापरा. 'कॅलस' म्हणजे निष्ठुर, दुसऱ्याची वेदना दिसूनही न द्रवणारा. तो शब्द फार कठोर आहे. 'इन्डिफरंट' बराच सौम्य, पण 'ॲन इन्डिफरंट परफॉर्मन्स' म्हटलं की अर्थ होतो बेताचं, सुमार सादरीकरण. 'डिसइंटरेस्टेड'चा काटेकोर अर्थ निःपक्षपाती. न्यायाधीश तसाच हवा.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वैद्यकात 'ॲपथी' हे लक्षण आहे. अल्झायमर, पार्किन्सन अशा आजारांत ते बरंच आढळतं. माणूस आपणहून काही सुरू करत नाही, आवडीच्या गोष्टीही सोडून देतो, आणि घरच्यांना वाटतं की हा आळशी झाला किंवा आपल्यावरची माया आटली. नैराश्यात खिन्नता, अपराधीपणा असतो. निव्वळ ॲपथीत तेही नसतं, अर्थात दोन्ही एकत्र असू शकतात. त्यामुळे रुग्णाच्या अहवालात 'ॲपथेटिक' दिसलं, तर ती त्याच्या स्वभावावरची टीका समजू नका आणि भाषांतरात 'बेपर्वा' लिहू नका. तिथे 'कशातच रस वाटत नाही' असं सरळ लिहा.