विमा कंपनीचे रेडिओ केंद्र आणि शनिवारची रात्र

(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेनेसी राज्यात नोकरीला आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता त्याने नॅशव्हिल शहरात ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम दाखवला. हा कार्यक्रम मुळात रेडिओचा असून ते रेडिओ केंद्र एका विमा कंपनीने काढले होते, असे त्याने सांगितले. विमा कंपनीला गाण्याबजावण्याशी काय देणेघेणे, याचा उलगडा त्याला करता आला नाही. आपण कराल का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : भाच्याने सांगितले ते खरे आहे, आणि या केंद्राच्या इतिहासाचे मर्मही त्या विमा कंपनीच्या धंद्यातच आहे. नॅशनल लाइफ अँड अ‍ॅक्सिडेंट इन्शुरन्स कंपनीने ५ ऑक्टोबर १९२५ रोजी नॅशव्हिलमधील आपल्या कचेरीच्या इमारतीत डब्ल्यूएसएम हे केंद्र सुरू केले. नावातील तीन अक्षरे म्हणजे ‘वुई शील्ड मिलियन्स’ या कंपनीच्या घोषवाक्याची आद्याक्षरे होत. त्या काळी अमेरिकेत रेडिओ सरकारच्या ताब्यात नव्हता आणि ऐकणाऱ्याला परवाना शुल्कही भरावे लागत नसे. त्यामुळे ज्याला काही विकायचे असेल त्याने केंद्र काढावे, असा सरळ हिशेब होता. अटलांटाचे डब्ल्यूएसबी एका वृत्तपत्राचे होते, तर शिकागोचे डब्ल्यूएलएस हे सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या पेढीचे.

नॅशनल लाइफचा व्यवहार बड्या रकमांच्या पॉलिसींवर चालत नसे. कामगार आणि बेताच्या कमाईची कुटुंबे यांना आजारपण, अपघात आणि अंत्यसंस्काराचा खर्च यांसाठी काही सेंटांच्या हप्त्याचा विमा ती विकत असे, आणि आपल्याकडे पतसंस्थेची पिग्मी गोळा करणारा माणूस दुकानोदुकानी फिरतो, तसा तिचा माणूस दर आठवड्याला दारात येऊन हप्ता नेत असे. अशा माणसाला नव्या गावात दार उघडून घ्यायचे, तर आधी काहीतरी ओळख लागते. ती ओळख रेडिओने करून दिली. पुढे तर कंपनीचे एजंट स्वतःच्या कंपनीऐवजी ऑप्रीचेच नाव सांगून उंबरठा ओलांडू लागले.

कोणते संगीत वाजवायचे, हे मात्र कंपनीने योजून ठरवले नव्हते. आरंभी केंद्रावर नृत्याचे वाद्यवृंद, पाश्चात्त्य अभिजात संगीत, व्याख्याने असा शहरी सभ्य बेत होता, आणि आपल्या शहराला ‘दक्षिणेचे अथेन्स’ म्हणवून घेणाऱ्या नॅशव्हिलच्या प्रतिष्ठितांना तोच हवा होता. त्याच वर्षी कंपनीने जॉर्ज हेय या निवेदकाला आणले. शिकागोच्या केंद्रावर १९२४ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल बार्न डान्स’ या ग्रामीण गाण्यांच्या कार्यक्रमाचे निवेदन त्याने केलेले होते, त्यामुळे श्रोता कशाला पत्र लिहितो हे तो जाणून होता. वय अवघे तिशीचे, पण माइकवर तो स्वतःला ‘गंभीर म्हातारा न्यायाधीश’ म्हणवून घेई आणि आगबोटीच्या भोंग्यासारखी एक लाकडी शिट्टी फुंकून कार्यक्रम हाकत असे. २८ नोव्हेंबर १९२५ च्या शनिवारी रात्री त्याने अंकल जिमी थॉम्पसन या ७७ वर्षांच्या फिडलवादकाला माइकपुढे बसवले. पियानोच्या साथीला त्यांची पुतणी होती. तासाभरानंतर हेयने थकलात का म्हणून विचारले, तेव्हा एवढ्या वेळात तर हात जेमतेम तापतो, अशा अर्थाचे उत्तर म्हाताऱ्याने दिले, असे हेय सांगत असे. आणखी ऐकवा म्हणून तारा आल्या आणि महिन्याभरात शनिवारची रात्र या संगीताची ठरून गेली.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. या कार्यक्रमातील एका गाजलेल्या वाद्यवृंदाचे प्रमुख डॉ. हम्फ्री बेट हे व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकलेले डॉक्टर होते, आणि त्यांची मंडळी सुरुवातीच्या छायाचित्रांत कोट-टाय घालून उभी आहेत. हेयने या वृंदाचे नाव ‘पॉसम हंटर्स’, म्हणजे रानातल्या एका छोट्या जनावराचे शिकारी, असे ठेवले आणि नंतरच्या छायाचित्रांत तीच मंडळी शेतमजुरांच्या डगल्यांत दिसतात. ‘गली जंपर्स’, ‘फ्रूट जार ड्रिंकर्स’ ही इतर वृंदांची नावेही याच धर्तीवरची आहेत. तेव्हा अस्सल गावरान म्हणून जे लोकांपुढे आले, त्यातले वाजवणे अस्सल होते, परंतु रांगडेपणा बराचसा विमा कंपनीच्या कचेरीत बेतलेला होता. आमच्या मते यात फसवणूक शोधण्याचे कारण नाही, पण ‘मातीतले संगीत’ असे म्हणताना हे ध्यानात असलेले बरे.

श्रोते प्रत्यक्ष पाहायला येऊ लागल्यावर स्टुडिओ अपुरा पडला आणि १९३४ पासून कार्यक्रमाचे एकामागून एक सभागृह बदलत गेले. गर्दीला आवर घालावा म्हणून १९३९ मध्ये २५ सेंटांचे तिकीट लावले, त्यानेही ती कमी झाली नाही. त्याच वर्षी एका तंबाखू कंपनीच्या प्रायोजकत्वाने कार्यक्रमाचा अर्धा तास एनबीसी या देशभरातील केंद्रांच्या जाळ्यावरून प्रक्षेपित होऊ लागला. जून १९४३ मध्ये मुक्काम रायमन सभागृहात हलला. ही वास्तू १८९२ मध्ये प्रार्थनासभांसाठी बांधलेली असल्याने प्रेक्षक चर्चमधल्या लाकडी बाकांवर बसत. तेथे कार्यक्रम मार्च १९७४ पर्यंत होता. आपण पाहिले ते त्यानंतरचे, चार हजारांहून अधिक आसनांचे सभागृह. त्याच्या मंचावर मध्यभागी वेगळ्या रंगाच्या लाकडाचे सहा फूट व्यासाचे वर्तुळ आपल्या नजरेस पडले असेल. ते रायमनच्या मंचाचे कापून आणून बसवलेले आहे आणि मे २०१० मध्ये कंबरलँड नदीचा पूर सभागृहात शिरला तेव्हा तेही पाण्याखाली गेले होते. ते दुरुस्त करून पुन्हा तेथेच बसवले गेले.

नॅशव्हिल ही संगीताची बाजारपेठ झाली ती बरीचशी या केंद्राच्या नोकरवर्गामुळे, ही गोष्ट मात्र पर्यटकांना फारशी कोणी सांगत नाही. केंद्राच्याच तीन तंत्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धानंतर एका हॉटेलात ‘कॅसल’ हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला, आणि गायक हँक विल्यम्स यांच्या अनेक गाण्यांचे मुद्रण तेथे झाले. केंद्रावर पियानो वाजवलेल्या फ्रेड रोझ यांनी गायक रॉय एकफ यांच्यासह १९४२ मध्ये गीतप्रकाशनाची संस्था काढली. केंद्राचा वाद्यवृंद सांभाळणाऱ्या ओवेन ब्रॅडली यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यात उभारलेल्या स्टुडिओभोवती पुढे कंपन्यांची रांग लागली. ‘म्युझिक सिटी’ हे शहराचे बिरुदही १९५० मध्ये डेव्हिड कॉब या निवेदकाने याच केंद्रावरून बोलताना वापरले आणि ते चिकटले.

एवढे होऊनही केंद्र दिवसभर हे गावरान, म्हणजे ‘कंट्री’, संगीत वाजवत नव्हते. कित्येक वर्षे शनिवार सोडला तर इतर दिवशी नृत्यसंगीताचेच राज्य होते. केवळ कंट्री संगीत वाजवणारी केंद्रे १९६१ मध्ये साऱ्या अमेरिकेत मिळून सुमारे ८० होती, आणि त्यांची संख्या वाढावी म्हणून १९५८ मध्ये स्थापन झालेल्या कंट्री म्युझिक असोसिएशनला जाहिरातदारांची मनधरणी करावी लागत होती. विमा कंपनीची मालकी १९८०च्या दशकाच्या आरंभी संपली. नव्या मालकांनी २००१ च्या अखेरीस केंद्र क्रीडाविषयक गप्पांना वाहून टाकण्याचा विचार केला, तेव्हा कलावंत आणि श्रोते केंद्रासमोर निदर्शनांना उभे राहिले आणि जानेवारी २००२ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला.

प्रश्न : आमचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. हे केंद्र रात्री अर्ध्या अमेरिकेत ऐकू जाई असे म्हणतात. मीडियम वेव्हच्या एका केंद्राला हे कसे जमावे?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आपल्याला अर्धे उत्तर ठाऊक असणारच. दिवसा वातावरणाचा आयनांनी भारलेला खालचा थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो मैलांवर उतरतात. आपल्या दुकानातल्या संचावर रात्री सुई फिरवताना भलतीच केंद्रे सापडत आणि आवाज वर-खाली होत राही, तो हाच प्रकार.

उरलेले अर्धे उत्तर कायद्याचे आहे. अमेरिकेच्या रेडिओ आयोगाने १९२८ मध्ये फेरवाटप करून ४० वारंवारता अशा राखल्या की, त्या प्रत्येकीवर रात्री देशभरात एकाच केंद्राने बोलावे. नॅशव्हिलला ६५० किलोहर्ट्झ मिळाली. १९३२ मध्ये केंद्राची शक्ती ५०,००० वॅट झाली आणि शहराबाहेर ८७८ फुटांचा, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा पोलादी मनोरा उभा राहिला, जो आजही उभा आहे. गंमत अशी की, तो जरा जास्तच उंच झाला होता. त्याच्या काही लहरी फार उभ्या कोनात वर जाऊन लवकर खाली येत आणि जमिनीलगतच्या लहरींशी गाठ पडून दोन्ही एकमेकींना मारत. म्हणून १९३९ मध्ये त्याची उंची ८०८ फूट करण्यात आली. रात्रीचा एकाधिकार मात्र १९८० मध्ये संपला. तेव्हापासून सुमारे ७५० मैलांपर्यंतच संरक्षण आहे.

दूरच्या खेड्यांत तेव्हा वीज नव्हती आणि संच बॅटरीवर चालत. अनेक घरांतून बॅटरी शनिवारसाठी राखून ठेवत, त्यामुळे ज्या रात्री केंद्र सर्वांत दूर पोचे त्याच रात्री संचही चालू असे. आपल्या संचावर मात्र ६५० या आकड्यावर काही शोधू नये. आपल्याकडची केंद्रे नऊच्या पटीत असतात, जसे पुणे ७९२ आणि जळगाव ९६३, तर अमेरिकेतली दहाच्या.

प्रश्न : कंट्री हे गोऱ्यांचेच संगीत होते का?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : तसे दाखवले गेले. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नावच एका कृष्णवर्णीय कलावंताच्या वादनाच्या वेळी पडले. १० डिसेंबर १९२७ रोजी एनबीसीचा अभिजात संगीताचा कार्यक्रम संपताना रेल्वे इंजिनाचा आभास देणारी एक रचना वाजवली गेली. लगेच पुढे हेयने डीफोर्ड बेली यांना बोलावले आणि त्यांनी तोंडाने वाजवायच्या एका छोट्या हार्मोनिकावर धावती गाडी उभी केली. आतापर्यंत आपण ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री ऐका, असे हेय म्हणाला (‘ऑप्री’ हा ‘ऑपेरा’चाच गावठी उच्चार). १९२८ च्या ५२ कार्यक्रमांपैकी ४९ कार्यक्रमांत बेली होते, इतके दुसरे कोणी नव्हते. मात्र दौऱ्यांत सहकारी ज्या हॉटेलांत उतरत, तेथे त्यांना खोली मिळत नसे. १९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ केंद्रे आणि गीतकारांची संस्था यांच्यात वाद पेटला, बेली यांची नेहमीची गाणी वाजवण्यास मनाई झाली, आणि नवी शिकत नाहीत असे कारण देऊन त्यांना काढून टाकले गेले. पुढे त्यांनी बूटपॉलिशचे दुकान चालवले. ते १९८२ मध्ये वारले. कंट्री संगीताच्या मानकरी मंडळीत त्यांचे नाव २००५ मध्ये आले.

प्रश्न : अहिराणी गाण्यांचे असे केंद्र आपल्याकडे का झाले नाही?
— एक वाचक, सटाणा

उत्तर : गाणी कमी होती म्हणून नव्हे. बागलाणातली अहिराणी गाणी, संबळावरचा गोंधळ, सुरगाणा-पेठ भागातली पावरी आणि बोहाड्याची सोंगे एवढा ऐवज एका जिल्ह्यात आहे. फरक पैसा कोठून आला याचा आहे. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीनेच सुरू केले होते, परंतु तिचे उत्पन्न जाहिरातींऐवजी मुख्यतः श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर अवलंबून होते आणि १९३० मध्ये ती बुडाली. त्यानंतर रेडिओ सरकारी झाला. सरकारी केंद्राला सर्वांना थोडे थोडे द्यावे लागते, म्हणून लोकसंगीताला आकाशवाणीवर ठरावीक वेळ मिळाली, स्वरचाचणी आणि मानधनही मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण स्वतःचे केंद्र मिळाले नाही. विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झाल्या, तोवर श्रोता चित्रपटगीतांचा झालेला होता आणि जाहिरातदार त्याच्याच मागे गेला. २००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र काढता येते, नाशिक शहरातही तसे केंद्र आहे. परंतु त्याला परवानगी असते साधारण १०० वॅटची. सटाण्यात काढलेले केंद्र फार तर आसपासच्या गावांपर्यंत पोचेल. तेवढ्यावर समाधान असेल, तर अर्ज एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत करावा लागतो. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते.

प्रश्न : ऑप्री नाशिकमध्ये बसून ऐकता येईल का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : रेडिओवर नाही, इंटरनेटवर येईल. केंद्राचे प्रक्षेपण तेथे थेट ऐकता येते. शनिवारचा कार्यक्रम नॅशव्हिलच्या घड्याळाने संध्याकाळी सातला सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात रविवारी सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, आणि मार्च ते नोव्हेंबर या काळात अमेरिकेतील घड्याळे तासभर पुढे असल्याने साडेपाच.