धूमकेतूला तडा जातो की भेग पडते?

प्रश्न असा आला आहे: लघुग्रहांवरचे खडक आणि धूमकेतूंवरचा बर्फ यांच्या फुटण्याविषयी मराठीत लिहिताना 'तडा', 'भेग', 'चीर' यांपैकी कोणता शब्द घ्यावा? की हे रोजचे शब्द बाजूला ठेवून सरसकट 'भंग' म्हणावं?

सरसकट 'भंग' नको, असं माझं स्पष्ट मत आहे. अस्थिभंग, प्रस्तरभंग हे जोडशब्द रुळले आहेत, ते राहू द्यावेत. पण सुटा 'भंग' एवढंच सांगतो की जे अखंड होतं ते आता अखंड नाही. कशानं, कसं, किती सावकाश, याबद्दल तो काहीच बोलत नाही. बोलीतले शब्द मात्र आपापलं क्रियापद सोबत घेऊन येतात आणि कारण सांगून जातात. भेग पडते, तडा जातो, पापुद्रा सुटतो, ढलपा उडतो, दरड कोसळते. या विषयात तर कारणालाच महत्त्व आहे. यानानं पाठवलेल्या छायाचित्रात एक रेघ दिसते, आणि ती कशामुळे उमटली हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खपतात. त्यांनी शोधलेलं उत्तर आपण 'भंग' लिहून पुसून का टाकायचं?

आधी भेग. ती पडते आकसण्यामुळे. पदार्थ सुकतो किंवा गारठतो, त्याला आकसायचं असतं, पण खालच्या थरानं धरून ठेवल्यामुळे मोकळेपणी आकसता येत नाही. मग पृष्ठभाग ताणला जातो आणि जागोजागी उलतो. ('उलणे' हल्ली फारसं कानावर पडत नाही. ओठ उलतात, जमीन उलते. या क्रियेसाठी इतकं नेमकं क्रियापद असताना ते विस्मरणात जावं याचं मला खरंच वाईट वाटतं.) रोझेटा यान ऑगस्ट २०१४ ते सप्टेंबर २०१६ या काळात ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेन्को या धूमकेतूच्या सोबत होतं. त्याच्या छायाचित्रांत काही भाग बहुभुजांच्या जाळीनं भरलेले दिसले, एकेक बहुभुज काही मीटरांचा. आटलेल्या तळ्याच्या गाळावर उमटते तशी ही नक्षी, पण इथे काही आटलेलं नाही. वरच्या धुळीखालचा कडक, बर्फमिश्रित थर थंडीनं आकसतो, पुन्हा तापतो, पुन्हा आकसतो, त्याचा हा परिणाम. इथे 'भेगा'च लिहावं.

बर्फ म्हटलं की आपल्याला मऊपणा आणि वितळणं आठवतं, म्हणून 'बर्फाला भेगा' हे काहींना खटकेल. पण तिथल्या थंडीत बर्फ दगडासारखा कडक आणि ठिसूळ असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये फिले हे छोटं यान या धूमकेतूवर उतरलं, तेव्हा त्याच्या हातोडीच्या उपकरणाला धुळीखालचा कडक थर भेदता आला नाही. शिवाय निर्वात पोकळीत बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. धूमकेतूबद्दल लिहिताना 'बर्फ वितळला' हे टाळावं.

आता तडा. याच धूमकेतूचे दोन गोळे आहेत आणि त्यांना जोडणारी एक मान. या मानेवर सुमारे ५०० मीटर लांबीची रेघ २०१४ मध्येच दिसली होती. डिसेंबर २०१४ मध्ये ती सुमारे ३० मीटरांनी वाढली, आणि जून २०१६च्या छायाचित्रांत तिला समांतर अशी १५० ते ३०० मीटरांची दुसरी रेघ दिसली. सूर्याजवळ येताना उसळणाऱ्या वायूच्या झोतांनी धूमकेतूचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग बदलत होता आणि त्याचा ताण मानेवर येत होता. याला भेग म्हटलं तर सगळा अर्थ निसटतो. जोर आला आणि सलग वस्तू एका रेषेत दुभंगू लागली, तो तडा. भेगा घोळक्यानं पडतात, तडा एकटाही जातो.

खरी कसोटी लागते बेन्नूवर. सुमारे ४९० मीटर व्यासाचा हा लघुग्रह ४.३ तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे दिवस आणि रात्र जेमतेम दोन-दोन तासांची. दिवसा तापमान सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत चढतं, रात्री उणे २३ पर्यंत उतरतं. हवा नाही, त्यामुळे मधला काही आडोसाही नाही. दर फेरीला खडक प्रसरण पावतो आणि आकसतो, आणि आतल्या बारीक चिरेचं टोक किंचित पुढे सरकतं. धातूला थकवा येतो तसाच हा खडकाचा थकवा. ओसायरिस-रेक्स यानाच्या छायाचित्रांवरून अशा दीड हजारांहून अधिक रेघा मोजल्या गेल्या, तेव्हा त्यांचा कल प्रामुख्याने वायव्येकडून आग्नेयेकडे आढळला. आघातांनी पडल्या असत्या तर त्या वाटेल त्या दिशांना गेल्या असत्या. एकाच दिशेचा कल सूर्याकडे बोट दाखवतो.

कारण आकसण्याचं, म्हणजे भेग म्हणावी? मी तडाच म्हणेन. कठीण वस्तूला उष्णतेनं तडा जाणं आपल्या भाषेत आधीपासून आहे, काच अशीच तडकते. फक्त इथे 'तडकला' असं लिहू नये, कारण त्यात क्षणाचा भास आहे आणि बेन्नूवरच्या खडकाची मोडतोड व्हायला १०,००० ते १,००,००० वर्षं लागतात. 'तडा वाढत गेला' हे बरोबर. तिथल्या काही खडकांवर पृष्ठभागाला समांतर थर सुटलेले दिसतात, त्यांना 'पापुद्रे' म्हणावं. 'पोपडे' नको, कारण पोपडा वरून दिलेल्या लेपाचा असतो आणि पापुद्रा त्या वस्तूचाच. 'चीर' मी बारीक, नुकत्या सुरू झालेल्या रेघेसाठी राखून ठेवतो.

फुटणे आणि तुटणे यांचीही गल्लत होते. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू जुलै १९९२ मध्ये गुरूच्या फार जवळून गेला. जवळच्या बाजूवर गुरूची ओढ जास्त, लांबच्या बाजूवर कमी, आणि मुळातच सैल बांधलेला तो धूमकेतू ओढला जाऊन तुटला. त्याचे तुकडे जुलै १९९४ मध्ये गुरूवर आदळले. तो 'फुटला' असं बऱ्याचदा वाचायला मिळतं, पण ओढीनं तुटतं आणि आघातानं फुटतं. गंमत म्हणजे आपण म्हणतो 'तारा तुटला', आणि ती उल्का मात्र मोठी असली तर वातावरणाच्या दाबानं खरोखर फुटते.

आघात झाला म्हणजे फुटलंच असंही नाही. हायाबुसा-२ यानानं ५ एप्रिल २०१९ रोजी र्‍युगू या लघुग्रहावर २ किलो तांब्याचा गोळा सेकंदाला २ किलोमीटर वेगानं आदळवला. विवर झालं १४ मीटरहून रुंद. र्‍युगू म्हणजे सुट्या दगडधोंड्यांचा ढिगारा, एकमेकांना जेमतेम धरून असलेला, म्हणून इतकं मोठं विवर. तिथे पृष्ठभाग 'उधळला' म्हणावं.

राहिला 'कोसळणे'. ६७पी धूमकेतूवर अस्वान नावाचा १३४ मीटर उंच कडा आहे. त्याच्या माथ्यावर ७० मीटर लांब आणि मीटरभर रुंद फट होती (इतकी रुंदी असेल तर 'फट'च). जुलै २०१५ मध्ये तिथली दरड कोसळली, सुमारे १०,००० टनांची, आणि आतला स्वच्छ बर्फ उघडा पडला. जिथे गुरुत्व इतकं क्षीण, तिथे 'कोसळणे' शोभतं का, अशी शंका कुणी घेईल. शोभतं, कारण त्या ढिगाऱ्याचा ९९ टक्के भाग कड्याच्या पायथ्याशीच पडला. उरलेला एक टक्का अवकाशात गेला, तो उधळला.